मंगळवारचं तेल

मिस्त्री खोटं बोलायला फार उशिरा शिकला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. एवढ्या उशिरा शिकणाऱ्याला ते जमू नये, त्याची बोबडी वळावी, कान लाल व्हावेत आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटावं. पण कसचं काय! त्याला ते असं झकास जमलं की ऐकणाऱ्यांपैकी एकालाही शंका आली नाही, आणि सगळी रड तिथूनच सुरू झाली.

बारा लेनचं बोलिंग सेंटर होतं ते. बाहेरून गोदामच वाटावं असं. आत काउंटर, भाड्याच्या बुटांचं कपाट, गुळगुळीत लाकडी लेन आणि प्रत्येक लेनच्या टोकाला दहा पिना उभ्या. पिनांच्या मागे त्या उचलून पुन्हा मांडणारी मशिनं, आणि मशिनांच्या मागच्या अरुंद बोळातून सव्वीस वर्षं येरझाऱ्या घालणारा हा मिस्त्री. पट्टा तुटला, पिन अडकली, बॉल परत आला नाही, की पाना घेऊन धावायचं. गिऱ्हाइकांना त्याचं तोंड क्वचितच दिसायचं, मशिनाखालून दिसले तर पाय.

पण त्याचं खरं काम होतं तेलाचं. आता ही तेलाची भानगड सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. बोलिंगची लेन कोरडी दिसते, पण नसते. पुढच्या मोठ्या भागावर तेलाचा थर असतो, इतका पातळ की बोट फिरवल्याशिवाय कळायचा नाही. बॉल त्यावरून घसरत जातो, शेवटच्या कोरड्या पट्ट्यात लाकूड पकडतो आणि वळून पिनांत घुसतो. नवख्याला ह्याचं सोयरसुतक नाही. तो बॉल नुसता ढकलतो आणि दोन पिना पडल्या तरी नाचतो. पण जो माणूस वीस वर्षं एकाच जागी उभा राहून एकाच रेषेवर बॉल सोडतोय, त्याचं सगळं गणित तेलावर. आणि हे तेल टिकत नाही. शंभर बॉल गेले की पुढचं पुसलं जातं आणि तेच ओढलं जाऊन मागच्या कोरड्या भागावर पसरतं. म्हणजे हवं तिथे नाही आणि नको तिथे थर. म्हणून रोज लेन धुवायची, नवं तेल घालायचं. मिस्त्री ते देवपूजेसारखं करायचा.

वीस वर्षं एकाच रेषेवर बॉल सोडणारे असे बत्तीस लोक होते. मंगळवारची लीग म्हणत त्यांना. आठ टीम, टीममध्ये चौघं, दर मंगळवारी संध्याकाळी सातला हजर. त्यात एक बस चालवणारा होता, त्याला सगळे बसवाला म्हणत. खुद्द मिस्त्रीची बायको होती, लाँड्रीतलं काम आटोपून तशीच यायची. सगळ्यांच्या खेळाची नोंद ठेवायला एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. आणि आक्का होती. आक्का एक्काहत्तर वर्षांची, चाळीस वर्षं नर्स म्हणून काढलेली. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा तिनं मंगळवार चुकवला नव्हता. "घरी बसून रडण्यापेक्षा इथे दहाजणींना आडवं पाडलेलं बरं," म्हणाली आणि खरोखर पाडलं. मिस्त्रीला ती अरे-तुरे करायची आणि त्याला ते फार आवडायचं.

मग सेंटर विकलं गेलं. एका कंपनीनं घेतलं आणि नवा मॅनेजर पाठवला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, उगाच कुणी त्याला शिव्या घालत बसेल. तिशीचा, गोड बोलणारा, मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणणारा. त्यानं महिनाभर बघितलं आणि ठरवलं की धंदा वाढदिवसांच्या पार्ट्यांत आहे. वाढदिवसाची पोरं तेल बघत नाहीत. तेव्हा रोज धुणं आणि तेल कशाला? शुक्रवारी एकदा घालायचं, आठवडाभर चालवायचं.

"साहेब, मंगळवारपर्यंत लेनचा चिखल होईल," मिस्त्री म्हणाला. "लीगचं वाटोळं होईल."

"काका, करून तर बघू. लीगकडून तक्रार आली की त्याच दिवशी पूर्वीसारखं सुरू करू. शब्द देतो."

इथे मिस्त्रीनं गप घरी जाऊन झोपायला हवं होतं. एक मंगळवार, फक्त एक मंगळवार, लीगला बोंबलू द्यायचं होतं. बत्तीस लोक काउंटरवर चढले असते, मॅनेजर घाबरला असता आणि विषय संपला असता. पण हा पडला मिस्त्री! खराब लेन लोकांच्या पुढ्यात ठेवायची म्हणजे त्याला शिळं वाढल्यासारखं वाटायचं. तो मंगळवारी उजाडताच किल्ली घेऊन आला, बूट काढले आणि तेलाचं मशीन लावलं तर तेलाचा हिशोब लागला असता, म्हणून ते नव्हतं तेव्हाच्या पद्धतीनं हातानं कामाला लागला. आधी लांब दांड्याच्या फडक्यानं लेन पुसून काढायची, मग डब्यांच्या तळाशी उरलेलं तेल फवारून, गुडघ्यांवर रांगत, सारखं करत न्यायचं. साठ फुटांची एक लेन, लीगच्या अशा आठ. तीन तास लागले. उठताना गुडघे कुरकुरले.

"कुणी सांगितलं होतं?" घरी बायकोनं शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

"कुणी नाही."

"मग ज्यानं सांगितलं नाही त्याला जाऊन सांगा, मी करतोय म्हणून."

त्यानं सांगितलं नाही. लीगला तर फरकही कळला नाही. मास्तर दर मंगळवारी खेळ सुरू होण्याआधी मागच्या दारात डोकावून विचारायचे, "मिस्त्री, तेल पडलं ना?" आणि मिस्त्री म्हणायचा, "पडलं." तेव्हा ते खरंच होतं. उलट हाताचं काम मशिनापेक्षा बरं निघालं. आक्काची खेळामागे गुणांची सरासरी एकशे बावन्नवरून एकशे अठ्ठावन्नवर गेली.

आणि मॅनेजरनं वर रिपोर्ट पाठवला: तेल आणि मेहनत एवढी कमी केली, लीगच्या तक्रारी शून्य.

झालं! करायला गेला एक आणि झालं भलतंच. तीन महिन्यांत मशिनांवरच्या ह्याच्या जोडीदाराला, दुसऱ्या मिस्त्रीला, घरी पाठवलं, कारण तक्रारी शून्य. हा एकटा बाराही मशिनं सांभाळायला लागला, धावून धावून पोटऱ्या भरून यायच्या, पण एक लेन बंद पडू दिली नाही, म्हणून पुन्हा तक्रारी शून्य. तो जितकं झाकायचा तितकं कंपनीला कापायला सोपं जायचं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्याला कळत होतं, पण हात थांबत नव्हते.

हंगामाचे पाच मंगळवार उरले असताना नवा हुकूम आला. सकाळचं काम आता राहिलेलं नाही, तेव्हा मिस्त्रीनं दुपारी बाराला यायचं. दाराला नवं कुलूप बसलं, आकडे दाबायचं, आणि आकडे मॅनेजरकडे. बारानंतर लेनवर गिऱ्हाइकं असतात, तेव्हा हातानं तेल घालायचा प्रश्नच नाही.

मग मात्र तो मॅनेजरच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. पहाटे येणं, रांगणं, डब्यांच्या तळाचं तेल, सगळं.

मॅनेजरचा चेहरा उतरला. उठून त्यानं दार लावलं.

"काका, हे तुम्ही काय करून ठेवलंत?"

"तक्रार आली की पूर्वीसारखं सुरू करू म्हणाला होतात. आता मीच तक्रार करतोय."

"तेव्हा म्हणालो होतो! आता हेड ऑफिसनं माझा रिपोर्ट सगळ्या सेंटरना पाठवलाय. अठरा ठिकाणी रोजचं तेल बंद झालंय. माझं बघून!" त्यानं कपाळावरून हात फिरवला. "आता मी काय सांगू? की ते सगळं एका माणसानं रांगत केलेलं होतं?"

मिस्त्रीला एकदम त्या अठरा ठिकाणची लीग दिसायला लागली. न बघितलेली, न भेटलेली माणसं. त्यांचं वाटोळंही ह्याच हातांनी झालं होतं.

"ऐका," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "शेवटच्या मंगळवारी लीगनं पुढच्या हंगामाचा कागद भरायचाय. चोवीस नावं आली की लीग पक्की. मग मी काहीतरी निमित्त काढून तेल परत मागतो. पण तोवर लीग बिथरता कामा नये. लीग दुसऱ्या सेंटरला गेली, तर इथे दोरीची मशिनं बसणार, ठरलंय त्यांचं. प्रत्येक पिनेला वरून दोरी. ओढली की उभी. त्याला मिस्त्री लागत नाही, काका. आणि खोटा रिपोर्ट दिला म्हणून मलाही ठेवणार नाहीत. पाचच मंगळवार आहेत. कुणी विचारलं तर तेल पडलंय म्हणा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मिस्त्री मान खाली घालून बाहेर आला.

त्या मंगळवारी मास्तरांनी मागच्या दारातून डोकं घातलं. "मिस्त्री, तेल पडलं ना?"

"पडलं."

ना जीभ अडखळली, ना कान लाल झाले. मास्तर मान डोलावून गेले.

खेळ सुरू झाला आणि मिस्त्री मशिनांच्या फटीतून बघत राहिला. बसवाल्याच्या बॉलनं अर्ध्या वाटेतच लाकूड पकडलं आणि तो आडवा पळाला. पुढचा त्यानं बेतानं सोडला, तर तो वळायच्या जागी वळलाच नाही, सरळ कडेच्या पन्हळीत गेला. आक्काचा बॉल नेहमीच्या रेषेवरून निघाला आणि पिनांच्या भलत्याच बाजूला गेला. ती हसली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मास्तर परत डोकावले.

"लेन जरा विचित्र वाटते आहे हो. तेल सकाळीच घातलंत ना?"

"सकाळीच."

"बॉलवर तर येतंय," मास्तर स्वतःशीच म्हणाले. हातातल्या फडक्यावर तेलाचा डाग होता. असणारच, शुक्रवारचं पसरलेलं तेल कुठे जाणार? "म्हणजे आमचंच चुकतंय काहीतरी."

दुसऱ्या मंगळवारी कुणी विचारायला आलं नाही. हे मिस्त्रीला जास्त लागलं. शंका घेतली असती, भांडले असते, मशिनांमागे येऊन त्याची गचांडी धरली असती तर त्यानं सगळं ओकून टाकलं असतं. पण मिस्त्री पडलं म्हणाला म्हणजे पडलं. सव्वीस वर्षांचा शब्द होता तो. लोकांनी तो प्रमाण मानला आणि चूक स्वतःत शोधायला लागले. बसवाल्यानं डोळे तपासून घेतले. कुणी मनगटाला पट्टा बांधला, कुणी हलका बॉल आणला. आक्का डॉक्टरकडे जाऊन हाताची तपासणी करून आली. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, पण ह्या वयात पकड थोडी कमी व्हायचीच.

चौथ्या मंगळवारी खेळ संपल्यावर मास्तरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. आकड्यांचे कागद पुढे मांडले. बत्तीसच्या बत्तीस जणांची सरासरी घसरली होती, आक्काची एकशे एकोणीसवर.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "तेल तेच, लेन त्याच, पिना त्याच. सगळं कायम असताना उत्तर बदललं तर बदललं काय? आपण."

"म्हणजे सगळे एकदमच म्हातारे झालो की काय?" बसवाला म्हणाला. त्याला विनोद करायचा होता.

"एकदम नाही. एकेक करून झालो. दिसलं एकदम."

कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही. मिस्त्रीची बायको त्यांच्यात उभी होती. तिनं मान वळवून लेनच्या टोकाकडे बघितलं. मशिनाखालून नवऱ्याचे पाय दिसत होते, जागचे हलत नव्हते.

घरी आल्यावर तिनं पिशवी टाकली आणि सरळ समोर येऊन उभी राहिली.

"उद्याच्या उद्या जाऊन सांगा त्यांना."

"सांगितलं तर दुसऱ्या सेंटरला जातील."

"जाऊ देत की! खेळतील तरी!"

"आणि आपलं काय? माझं काय? ह्या वयात मला कोण ठेवून घेणार?"

"अहो, त्या आक्काचं तोंड बघितलंत का तुम्ही? चमचा धरतानाही हाताकडे बघत होती ती आज. तुमच्या नोकरीसाठी त्यांचे धडधाकट हात मोडून ठेवलेत तुम्ही!"

"एकच मंगळवार राहिलाय गं."

"मग मी सांगते."

"तुला माझी शपथ आहे."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की मारलं असतं तर बरं. पण शपथ पाळली. ही बायकोला स्वतःची शपथ घालायची युक्ती दुबळ्या माणसाचीच असते, आणि तो त्या दिवसांत फार दुबळा झाला होता.

शेवटच्या मंगळवारी काउंटरजवळ टेबल मांडलं, वर पुढच्या हंगामाचा कागद. मॅनेजरनं स्वतः चहा मागवला. तो मिस्त्रीकडे बघून हळूच मान हलवत होता, झालंच आता, थोडक्यात आलं, अशा अर्थानं. मिस्त्रीही बोळातून बाहेर येऊन उभा राहिला. कुणी रागावलेलं नव्हतं, दुसऱ्या सेंटरचं नावही कुणी काढलं नाही, म्हणजे जे होऊ नये म्हणून तो खोटं बोलला ते झालं नव्हतं. त्याच्या जिवात थोडा जीव आला.

कागद फिरला. बसवाल्यानं तो वाचला आणि सही न करता पुढे दिला. "मी जरा विश्रांती घेतो म्हणतो." त्याच्या शेजारच्यानंही पुढे दिला. कुणी म्हणालं नातवंडांकडे लक्ष द्यायचंय, कुणी म्हणालं गुडघे. प्रत्येकाकडे छोटंसं, सभ्य कारण होतं. कागद टेबलावर परत आला तेव्हा तेरा नावं होती. तेरावं मिस्त्रीच्या बायकोचं.

मॅनेजर म्हणाला, "अहो, अजून विचार करा ना, घाई नाही," आणि त्याचा आवाज फाटला.

"विचार केलाय," मास्तर म्हणाले. "आपण वेळेवर उठलेलं बरं, लोकांनी उठवण्याआधी. पण जाण्यापूर्वी एक करायचंय." ते मिस्त्रीकडे वळले. "सव्वीस वर्षांत ह्या माणसाच्या लेनबद्दल एकदाही तक्रार करावी लागली नाही. शेवटी आम्ही बिघडलो, पण ह्यांचं काम बिघडलं नाही."

आणि बत्तीस माणसांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. एकतीस म्हणा, बायकोनं नाही वाजवल्या. मॅनेजरनं मात्र वाजवल्या, त्याला दुसरं काय करावं सुचत नसावं. मिस्त्रीला वाटलं जमीन दुभंगावी. तोंड उघडायची हीच वेळ होती, सगळे समोर होते. त्यानं उघडलंही. पण टाळ्या थांबेपर्यंत घसा असा दाटून आला की शब्दच फुटेना, आणि लोकांना वाटलं, माणूस गहिवरला. बसवाल्यानं येऊन मिठी मारली. मग बूट आवरत, निरोप घेत सगळे पांगायला लागले.

आक्का सगळ्यात शेवटी उठली. तिनं आपली पिशवी मिस्त्रीपुढे टेबलावर ठेवली. आत तिचा बॉल होता, तिच्या बोटांच्या मापाची भोकं पाडलेला.

"हा ठेव इथेच. एखाद्या मुलीला होईल."

"आक्का, नका," मिस्त्री म्हणाला, आणि मग बांध फुटला. "आक्का, तुमचा हात चांगला आहे! तेल पडलंच नव्हतं. पाच मंगळवार पडलं नाही. मी खोटं बोललो तुमच्याशी. लेन सडक्या होत्या, त्यावर कुणालाच खेळता आलं नसतं. तुम्ही दुसऱ्या सेंटरला जा, उद्या जा, बघा तुमचा बॉल कसा वळतो ते!"

आक्का ऐकून घेत होती. मग तिनं त्याचा दंड थोपटला.

"अरे, चाळीस वर्षं मी हेच काम केलंय. 'औषध बदललंय ना, म्हणून थकवा वाटतोय, तुम्हाला काही झालेलं नाही.' किती जणांना सांगितलं असेल! त्यांनाही कळायचं बरं का. माझं मन राखायला बिचारे विश्वास ठेवल्यासारखं करायचे."

"आक्का, शपथेवर सांगतो. हिला विचारा."

"खरं आहे, आक्का," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एकेक शब्द खरा आहे."

"तू त्याचीच बायको ना गं," आक्का हसून म्हणाली. "जोडी चांगली आहे तुमची. पण मिस्त्री, तू आयुष्यात खोटं बोलला नाहीस, आता माझ्यासाठी नको बोलूस. मला लागणार नाही. झालं ते झालं."

तिनं पिशवी त्याच्याकडे सरकवली आणि दाराकडे निघाली. मिस्त्री तिच्यामागे चार पावलं गेला, "आक्का, ऐका तरी," म्हणाला, पण तिनं मागे न बघता नुसता हात हलवला. मग तोच उजवा हात तिनं डाव्या हातानं जपून धरला, आजारी माणसाचा धरतात तसा, आणि खांद्यानं दार ढकलून ती बाहेर गेली.